अर्धं हळकुंड आणि तीन विद्यापीठं

सोमवार : सांगली ते पुणे

नवी हळद मार्केट यार्डात यायला अजून दोन-तीन आठवडे होते, म्हणून शेठनी सुट्टी दिली.

"कशाला पायजे?"

"पोरीसाठी कॉलेज बघायला."

"कसलं कॉलेज?"

"नाटकाचं."

शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्याचं पण कॉलेज असतंय व्हय?"

हा प्रश्न सांगलीत विचारला जातो याची मला गंमत वाटते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं नाटक उभं केलं आणि तेव्हापासून आम्ही स्वतःला नाट्यपंढरी म्हणवून घेतो. देवल आमच्या हरिपूरचे, खाडिलकर आमचे, आणि ५ नोव्हेंबरला भावे पदक कुणाला मिळालं यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद. सगळं आमचंच. फक्त स्वतःची पोरगी "मला नाटक शिकायचंय" म्हणाली की घरात आधी कुकरची शिट्टी ऐकू येते आणि मग तिच्या आईचा आवाज, "आणि पुढं काय?"

लेकीनं बारावीनंतर एक वर्ष बी.कॉम.मध्ये काढलं. अभ्यास किती केला ते विचारू नका, पण कॉलेजच्या एकांकिकेत अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलं. तिच्या आईच्या मते पोरगी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीय. मी बावीस वर्षं हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, हळकुंडाशी माझा रोजचा संबंध. पॉलिश केलेला माल वरून सगळा सारखाच दिसतो. घेणारा हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो आणि मग भाव बोलतो. म्हटलं, कॉलेजंही मोडूनच बघू.

त्याला कारणही होतं. गेल्या उन्हाळ्यात अभिनय शिकवणाऱ्या एका संस्थेनं आमच्याकडं एका हॉटेलच्या हॉलमध्ये 'ऑडिशन' घेतली. पंचेचाळीस पोरं आली आणि पंचेचाळीसच्या पंचेचाळीस निवडली गेली. आम्ही नोंदणीचे पाच हजार भरले. आठवड्यानं फोटो काढायचे म्हणून अठरा हजार मागितले, तेव्हा पाच हजारांवर पाणी सोडून गप्प बसलो. ज्या चाळणीतून सगळाच माल खाली पडतो तिला आम्ही यार्डात चाळण म्हणत नाही.

एस.टी.चा प्रवास सांगण्यासारखा नाही. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी. लेक खिडकीला डोकं टेकून ओठ हलवत होती, शेजारच्या आजींना वाटलं स्तोत्र म्हणतेय. रात्री धनकवडीत साडूंकडं मुक्काम. साडू संगणकातले. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मनाची तयारी झालीय ना तुमची?" जसं काही कुणी दवाखान्यात आहे.

मंगळवार : पुणे

गणेशखिंडीतल्या विद्यापीठात शिरलं की शहर मागं राहतं. वडाच्या पारंब्या, लांबच लांब रस्ते आणि मधोमध ती दगडी इमारत. पूर्वी हा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री इथलाच राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव आटोपून निघालेल्या रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली. हे मी उत्साहानं सांगायला लागलो, तर लेक म्हणाली, "पप्पा, आपण दहाची वेळ सांगितलीय."

इथलं ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. नावापुढं कंसात 'गुरुकुल' लिहितात. नृत्य, संगीत आणि नाटक तिन्ही इथं पदवीला शिकता येतं, म्हणजे बारावीनंतर लगेच. नाटककार सतीश आळेकरांनी बरीच वर्षं हा विभाग सांभाळला, हे मला आमच्या वाचनालयातल्या सरांनी निघताना सांगितलं होतं. मोठी वास्तू वगैरे डोक्यात होती. प्रत्यक्षात पहिलं काय दिसलं, तर एक पोरगा खराटा घेऊन अंगण झाडतोय. शिपाई असेल म्हणून मी त्याला ऑफिस कुठाय विचारलं. तो विद्यार्थी होता. मागं 'अंगणमंच' होता, उघड्यावरचा, आणि संध्याकाळी तिथं तालीम होती. तालमीची जागा ज्याची पाळी असेल तो झाडतो, म्हणाला.

माहिती घेऊन झाल्यावर एका वर्गाची तालीम दारातून बघायची परवानगी मिळाली. आत खोली रिकामी. खुर्ची नाही, टेबल नाही, नुसती फरशी आणि फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या रेघा. दोन मुली आणि एक मुलगा मोठमोठ्यानं भांडत होते. नीट ऐकू यावं म्हणून मी दोन पावलं पुढं सरकलो, तर भांडण थांबलं. त्यातली उंच मुलगी माझ्याकडं बघून अगदी अदबीनं म्हणाली,

"काका, तुम्ही भिंतीतून आलात."

खाली बघितलं. माझी एक चप्पल पट्टीच्या अलीकडं होती, एक पलीकडं. त्या रेघा म्हणजे घर होतं. इथं भिंत, इथं दार, हे स्वयंपाकघर. नेपथ्य शेवटी येतं, तोवर पट्टीच्या घरात राहायचं. मी मुकाट्यानं मागं झालो. मग मुलीनं हवेतली कडी काढली, दार ओढलं, आत आली आणि पाठ न वळवता पायानं दार लोटलं. दारच नव्हतं. तरी मला ते जड असल्यासारखं वाटलं, कारण तिनं पायाला जरा जास्त जोर दिला होता. हे मी पाच फुटांवरून बघितलं. लेकीकडं बघितलं तर ती त्या मुलीच्या तोंडाकडं नाही, पायाकडं बघत होती.

हळकुंड मोडणं म्हणतात ते हेच असावं.

मधल्या सुट्टीत चहाला त्या मुलांशी गप्पा झाल्या. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, एकजण कणकवलीचा. मी माझे हिशोबी प्रश्न काढले. वर्षाला नाटकं किती? उंच मुलगी बोटं मोजायला लागली, मध्येच थांबून म्हणाली, "काका, बॅकस्टेज धरायचं का?" म्हटलं, धर. "मग बोटं पुरणार नाहीत." प्रकाश, कपडे, रंगभूषा, सामान आणणं-नेणं, दुसऱ्याच्या नाटकात प्रॉम्प्टिंग. अभिनय शिकायला आलेल्याला पहिल्या वर्षी वाटतं की हमाली करायला आलोय, आणि ज्याला ते सहन होत नाही तो आपणहून गळतो, असं कणकवलीचा म्हणाला.

प्रवेशाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते इतर पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. बारावीचे टक्के भरमसाट असून उपयोग नाही, करून दाखवावं लागतं. एकमेकांहून वेगळे दोन उतारे पाठ असावेत, एखादं गाणं यावं. सिनेमातल्या नटाची नक्कल नेऊ नये. वाचन काय आहे हे विचारतात, तेव्हा खोटं सांगू नये, पुढच्या प्रश्नाला उघडं पडतं.

लेकीनं तिथंच आपला उतारा म्हणून दाखवला. धीटपणा तिचा पहिल्यापासूनच. मुलांनी ऐकून घेतलं आणि मग लातूरची मुलगी म्हणाली, "तू सांगलीची ना? तुझं वाक्य शेवटाला वर जातं." लेकीचा चेहरा पडला. मला राग आला. म्हटलं, आता पुण्यात येऊन आमच्या पोरीनं बोलायचं कसं हेही शिकायचं का? पण ती मुलगी पुढं म्हणाली, "माझंही जायचं. ते घालवू नकोस. फक्त कधी जातं ते कळायला पाहिजे. मला दीड वर्ष लागलं." आणि तिनं तेच वाक्य तीन प्रकारे म्हणून दाखवलं, शेवटचं अस्सल लातुरी. सगळे हसले.

दिल्लीचा विषयही निघाला. घरी सगळ्यांना तेवढं एकच नाव माहीत असतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासूनचं, अभ्यासक्रम तीन वर्षांचा, शिवाय विद्यावेतन मिळतं. पण तिथं जायला आधी पदवी लागते आणि किमान सहा नाटकांचा अनुभव. म्हणजे बारावीच्या पोरांना 'डायरेक्ट दिल्ली' नाहीच. ही गोष्ट मला कुणी वर्षभरापूर्वी सांगितली असती, तर घरातली निम्मी भांडणं वाचली असती.

बुधवार : मुंबई

पहाटेच्या सिंहगडनं दादर, तिथून कुर्ला, मग शेअर रिक्षानं कलिना. मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी २००३ सालची, वामन केंद्रे यांनी उभी केलेली. पण तिथला अभ्यासक्रम पदव्युत्तर, दोन वर्षांचा. बारावीवाल्यांना "पदवी घेऊन या" एवढंच उत्तर, आणि ते बरोबरही आहे. घरून फोनवर विचारलं असतं तर एक दिवस वाचला असता, हा माझा गाढवपणा. आवारात लोककला अकादमीही आहे. तिथून ढोलकीचा आवाज येत होता. लेक दहा मिनिटं नुसती उभी राहिली, मी झाडाखाली बसून चप्पल काढून पाय मोकळे केले.

दुपारी लालबागला आत्तेभावाकडं. तो गिरणीत होता, कामगार रंगभूमीवर कामं करायचा. गिरणी गेल्यावर नाटकांच्या लायटिंगवर लागला आणि तिथंच केस पांढरे झाले. दहा बाय बाराची खोली, वहिनींनी बोंबील तळलेले. त्यानं लेकीला कॉलेजबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "नाइट म्हणजे काय माहितीय?" तिला वाटलं रात्र. तो म्हणाला, "प्रयोगाचे पैसे. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर नाही. पाऊस पडला, पुढारी गेला, हिरोला सिरियलचं शूटिंग लागलं, की नाइट गेली. हे शिकवतात का तुझ्या कॉलेजात?"

मग जेवताना जरा नरमला. शिकून आलेली पोरं बसच्या दौऱ्यात ओळखू येतात, म्हणाला. कशी? "थेटरात शिरल्या शिरल्या आधी स्टेजवर जातात. बाकीचे मेकअप रूममध्ये आरसा पकडतात."

रात्री दादरहून बडोद्याची गाडी.

गुरुवार : बडोदे

भरूचला नर्मदेचा पूल आला तेव्हा अंधारच होता. वरच्या बर्थवरचे काका उठून खिडकीतून नाणं टाकून परत झोपले.

बडोद्यात यार्डातल्या एका गुजराती व्यापाऱ्यानं ओळख काढून दिली होती, दांडिया बाजारातल्या मराठी कुटुंबाची. घरात सत्तरी ओलांडलेल्या काकू एकट्या. चार पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज गायकवाडी नोकरीत आले ते इथलेच झाले. "चहा घेणार ने?" म्हणाल्या. हा 'ने' दिवसभर पुरला. मराठी अगदी शुद्ध, पण त्याला गुजरातीची बारीक झालर. नाश्त्याला कोपऱ्यावरची सेव-उसळ. पांढरे वाटाणे, वर लाल तर्री, वर मूठभर सेव. मिसळीची चुलत बहीणच, पण आपल्याकडच्यासारखी घाम काढत नाही.

संक्रांत चार दिवसांवर आलेली. आपल्याकडं तिळगूळ, इथं पतंग. रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये पांढरा दोरा ताणून माणसं हातातला गुलाबी लगदा त्याच्यावरून फिरवत चालली होती, पुढं आणि मागं, दिवसभर. त्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी. माझी बोटं बाराही महिने पिवळी. एकानं माझ्या हाताकडं बघून "हळदर?" असं विचारलं, मी मान हलवली. दोघंही हसलो.

सूरसागर तलावाच्या काठाशी सयाजीराव विद्यापीठाची ही संगीत-नृत्य-नाट्याची शाळा. तिच्या वयापुढं माझी छाती जरा दबली. सयाजीराव महाराज मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, दत्तक जाऊन इथं राजे झाले. त्यांनी १८८६ मध्ये मौलाबक्ष या गवयाच्या हाती गायनशाळा सोपवली. दरबारातलं गाणं सामान्य घरच्या मुलांनी शाळेत जाऊन शिकायचं, ही त्या काळी किती उलटी गोष्ट असेल! १९१६ मध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही इथंच. १९४९ ला विद्यापीठ झालं आणि शाळा त्यात गेली. आज तिथं गायन, वादन, तबला, कथक, भरतनाट्यम, नाट्य असे सगळे विभाग आहेत.

भरतनाट्यम गुजरातेत कसं, असं मी विचारलं, तर काकूंनी संध्याकाळी सांगितलं. महाराजांची पहिली राणी तंजावरच्या मोहित्यांची. १८८० मध्ये लग्न झालं, तेव्हा तिच्याबरोबर तिकडच्या नर्तकीही बडोद्याच्या दरबारात आल्या. गौरा आणि कांतिमती. पुढं कांतिमतीबाईंचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर इथं नृत्य शिकवायला लागले. तंजावरचे मराठे, बडोद्याचे मराठे, मधे अख्खा देश, आणि एका वरातीबरोबर नाच इकडं आला. हुंड्यात आलेल्या त्या बायकांना कुणी विचारलं होतं का, असं लेक म्हणाली. काकू जरा वेळ गप्प बसल्या. "ते कोण विचारतंय," म्हणाल्या, आणि भाजी निवडायला घेतली.

नाट्य विभागात बारावीनंतर चार वर्षांची पदवी. इथंही दारातून तालीम बघायला मिळाली. या वेळी मी आधी फरशी बघितली. पट्टी नव्हती, खडूच्या खुणा होत्या. मी खुणांच्या बाहेर उभा राहिलो. मुलं गुजरातीत बोलत होती, सरांच्या सूचना हिंदी-गुजराती मिसळून. मला निम्मं कळत होतं. एका मुलानं नुसतं पायातलं बूट काढायला पाच मिनिटं घेतली. एकही शब्द नाही. तो थकून घरी आलाय, हे मला शेवटच्या लेसला कळलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी. भाषेची अडचण वाटली का, असं मी बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "बुटाला कुठली भाषा?"

मला वाटलं, झालं, बडोदं ठरलं. तिची आई चार वर्षं कशी काढणार याचा विचार करायला लागलो. वसतिगृह, खाणावळ, येण्या-जाण्याचं भाडं, सगळं मिळून वर्षाला सव्वा लाखाच्या आत बसलं पाहिजे, हा माझा आकडा. वहीच्या मागच्या पानावर मांडला. कसाबसा बसत होता.

शुक्रवार : बडोदे आणि परतीची गाडी

सकाळी लेकीनं पुन्हा एकदा जायचा हट्ट धरला. मला म्हणाली, तुम्ही तलावाकाठी बसा. तलावाच्या मधोमध शंकराची प्रचंड मूर्ती, तिच्याकडं बघत दीड तास बसलो. शेंगदाणे संपले. ती आली ती गप्पच.

गाडीत बसल्यावर सुरतेच्या आसपास बोलली. तिथल्या मुलांनी तिला त्यांच्या एका सरावात घेतलं होतं. दोघांचं भांडण, ऐनवेळी सुचेल तसं बोलायचं. समोरचा मुलगा गुजरातीत, ही हिंदीत. पहिली दोन-तीन वाक्यं चांगली गेली. मग त्यानं हिच्या बापाला काहीतरी म्हटलं, नाटकातल्या बापाला, आणि हिच्या तोंडून एकदम सांगलीचं मराठी बाहेर पडलं.

"काय म्हणालीस?"

"ते नका विचारू."

"मग?"

"सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. चांगलं झालं म्हणाले. पण पप्पा, मी ते केलं नव्हतं, ते झालं. राग आला की माझ्या तोंडात सांगलीच येते. चार वर्षं मी हिंदीतच रागवायला शिकणार, की त्या लातूरच्या मुलीसारखं माझं वाक्य कुठं वर जातं ते शिकणार?"

मला याचं उत्तर देता येईना. हिशोबाच्या वहीत भाषेचा रकाना मी काढलाच नव्हता. बडोद्याची शाळा मला मनापासून आवडली होती. इतकी जुनी, इतकी सगळी विद्या एका छताखाली, आणि ज्यानं ती काढली तो राजा मराठी. माझ्या पोरीला नाच शिकायचा असता तर मी तिला तिथं सोडूनच परतलो असतो. सुरतेला चहा घेतला. ती वरच्या बर्थवर जाऊन झोपली.

शनिवार : सांगली

पुण्यात गाडी बदलून एस.टी.नं दुपारी घरी. बायकोनं दार उघडलं आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, "आणि पुढं काय?" मी म्हटलं, आधी आंघोळ.

संध्याकाळी लेकीनं वहीतून दोन उतारे काढून माझ्यापुढं ठेवले. पुण्याचा अर्ज निघाला की भरायचा, बडोद्याचाही भरून ठेवायचा, असं तिनं परस्पर ठरवून टाकलेलं. तोवर रोज रात्री तालीम. एका उताऱ्यात दोन पात्रं आहेत, दुसऱ्याची वाक्यं कुणीतरी वाचायला हवीत. तिची आई म्हणाली, मला कुकर लावायचाय.

मग तिनं कपाटातून भावाच्या शाळेची चिकटपट्टी काढली, सोफा भिंतीला लावला आणि हॉलमधल्या फरशीवर दार चिकटवलं. एवढंसं दार. आधी झाडू मारून घेतला, तोही न सांगता. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन हे बघत होती. पाणी द्यायला बाहेर आली ती पट्टीला वळसा घालून आली.

मी कागद उजेडात धरला. माझं वाक्य होतं, "एवढ्या रात्री कुठं निघालीस?" वाचलं.

"पप्पा, पावती वाचताय का?"

पुन्हा वाचलं. कागद घट्ट धरला होता, त्याच्या कडेला माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला. पाच दिवस यार्डात गेलो नव्हतो, तरी.

"परत," ती म्हणाली, आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.